डॉक्टर परदेशी शिकून येतो, पुढे काय?

शेतीच्या पानावर डॉक्टरांचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण शेतकरी बंधूंनो, प्रशिक्षणाचा प्रश्न सगळीकडे सारखाच असतो. बागायती काळ्या जमिनीत तयार केलेला वाण मुरमाड कोरडवाहू रानात आणून टाकला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. वाण वाईट नसतो, रान वेगळे असते. गरीब देशांतल्या डॉक्टरांना परदेशी पाठवून मोठी शस्त्रक्रिया शिकवतात, तेव्हाही हाच घोळ होतो. आणि त्याची किंमत मोजतो तो खेड्यातला माणूस.

गरज किती मोठी आहे ते आधी पाहा. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला. सुमारे 500 कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. दरवर्षी आणखी 14 कोटी 30 लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असे आयोगाने सांगितले. अडलेले बाळंतपण, फुटलेले अपेंडिक्स, मोडलेला पाय, मोतीबिंदू. आजार साधेच, पण हात लावणारा माणूस जवळ नसतो.

तीन अडचणी

मग उपाय सुचतो तो असा की डॉक्टर निवडावा, श्रीमंत देशातल्या मोठ्या इस्पितळात पाठवावा, शिकून आला की झाले. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण म्हणजे नुसते पाहणे. अनेक देशांत बाहेरून आलेल्या डॉक्टरला तिथला परवाना नसतो, त्यामुळे रुग्णाला हात लावता येत नाही. तो मागे उभा राहून बघतो आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतो. आता सांगा, बांधावर बसून दुसऱ्याची पाभर पाहिली म्हणून कुणाला पेरणी आली आहे का?

दुसरी अडचण यंत्राची. शिकला ते यंत्र गावी नसते. दान म्हणून आले तरी ते चालू राहील याचा भरवसा नाही. 2011 साली 16 गरीब देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांची नोंद तपासली, तेव्हा सुमारे 38 टक्के बंद पडलेली निघाली. सुटा भाग मिळत नाही, दुरुस्त करणारा नाही, विजेचा दाब कमीजास्त. अनुदानाचा फवारणी पंप एका वायसरपायी वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो, तसेच हे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. गेलेला माणूस तिकडेच राहतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण परत येऊन करायचे काय, हा त्याचा प्रश्नही खोटा नसतो. ब्रिटनने यावर एक तोड काढली आहे. तिथल्या एका योजनेत परदेशी डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे प्रत्यक्ष काम करत शिकता येते, मग मायदेशी परतायचे. यात पहिली आणि तिसरी अडचण काहीशी हलकी होते. दुसरी मात्र तशीच उरते.

नेपाळच्या डॉक्टरची गोष्ट

ही दुसरी अडचण कशी सुटते, हे डॉ. संदुक रुईत यांच्या कामावरून कळते. नेपाळच्या ईशान्य टोकाला, डोंगरातल्या ओलांगचुंग गोला गावात त्यांचा जन्म झाला. गावात शाळा नव्हती. वडिलांनी लहानपणीच दार्जिलिंगला शिकायला ठेवले. पुढे लखनौला वैद्यकीय शिक्षण आणि दिल्लीच्या एम्समध्ये डोळ्यांचे विशेष शिक्षण झाले. म्हणजे त्यांचे पहिले परदेशी शिक्षण आपल्या भारतातच झाले.

1985 साली नेपाळमध्ये त्यांची गाठ ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ डॉ. फ्रेड हॉलोज यांच्याशी पडली. त्यानंतर काही वर्षांत रुईत सिडनीला हॉलोज यांच्याकडे सुमारे चौदा महिने शिकले.

त्या काळात गरीब देशांत मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे डोळ्यातले खराब भिंग काढायचे आणि जाडजूड चष्मा द्यायचा. आपल्याकडच्या शिबिरांतून आलेले सोडाबाटलीच्या बुडासारखे चष्मे जुन्या मंडळींना आठवत असतील. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. श्रीमंत देशांत मात्र डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवत असत. ते महाग, गरिबाला परवडायचे नाही, असे बरेच जाणकारही म्हणत.

रुईत सिडनीहून नेपाळला परतले ते कृत्रिम भिंग गरिबालाही मिळाले पाहिजे, हा आग्रह घेऊन. 1994 साली काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र सुरू झाले. हॉलोज त्याआधी, 1993 सालीच वारले होते, पण त्यांच्या नावाच्या संस्थेने हात दिला. तिथे भिंगाचा कारखानाही निघाला. शंभर डॉलरच्या घरातले भिंग चार-पाच डॉलरवर आले. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनेही 1992 पासून हेच काम केले आहे.

दुसरे काम पद्धतीचे. श्रीमंत देशांत मोतीबिंदू काढायला ‘फेको’ नावाचे महागडे यंत्र वापरतात. रुईत यांनी छोट्या छेदाची, टाके न घालता हाताने करायची पद्धत बसवली आणि ती डोंगरातल्या शिबिरांत नेली. ती कमअस्सल आहे का, याची परीक्षा 2007 साली प्रसिद्ध झाली. 108 रुग्णांपैकी निम्म्यांवर यंत्राने आणि निम्म्यांवर हाताने शस्त्रक्रिया केली. सहा महिन्यांनी चष्मा लावून तपासले, तेव्हा दोन्हींकडे 98 टक्के रुग्णांची नजर चांगली आली. फरक एवढाच की यंत्राला सरासरी साडेपंधरा मिनिटे लागली, हाताला नऊ. खर्चही हाताच्या पद्धतीचाच कमी.

रुईत यांना 2006 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2018 साली भारत सरकारने पद्मश्री दिली. पण खरी पावती वेगळीच आहे. आज इतर देशांतले डॉक्टर ही पद्धत शिकायला काठमांडूला आणि मदुराईला येतात. जिथे रुग्णांची रांग तशीच, साधने तशीच, तिथे शिकलेले घरी गेल्यावर जसेच्या तसे वापरता येते.

आपल्याच रानात शिकवणे

आफ्रिकेने आणखी एक पाऊल टाकले. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी मिळून 1999 साली शल्यचिकित्सकांचे एक महाविद्यालय काढले. कार्यालय टांझानियातल्या आरुशात आहे, पण भिंतींचे मोठे कॉलेज असे नाहीच. विद्यार्थी आपापल्या देशातल्या मान्य रुग्णालयात काम करत शिकतो, परीक्षा मात्र सगळ्यांची एक. परदेशी गुरुजी इकडे येतात. आयर्लंडचे शल्यचिकित्सा महाविद्यालय 2007 पासून त्यांना साथ देते. आपल्या भाषेत सांगायचे तर हे शेतावरचे पीक प्रात्यक्षिक झाले.

गुण आला का? त्या प्रदेशातच 1974 ते 2013 या काळात विशेष शिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकांचा नंतर माग काढला. सुमारे 85 टक्के जण शिकले त्याच देशात काम करत होते. माणूस जिथे शिकतो तिथे मुळे धरतो, हे यावरून दिसते.

म्हणून परदेशी शिक्षण वाईट, असे कुणी समजू नये. रुईत सिडनीला गेले नसते तर पुढचे काही घडते ना. पण गुरूने परतल्यावरही साथ दिली, आणि शिष्याने शिकलेले आपल्या रानाला जुळवून घेतले. या दोन गोष्टी नसतील तर उरते ते भिंतीवरचे प्रमाणपत्र.

गावकारभाऱ्यांनी काय करावे?

आपल्या खेड्यांतलीही मुले-मुली आता डॉक्टर होऊन परदेशी जातात. सत्कार जरूर करा, हारतुरे घाला. पण निरोप देताना तीन गोष्टी विचारून ठेवा. तिथे प्रत्यक्ष हात लावायला मिळणार की नुसते पाहायचे? शिकलेले आपल्या ग्रामीण रुग्णालयात वापरता येईल का? आणि परत आल्यावर भूल देणारा, परिचारिका, औषधे यांची सोय कोण पाहणार? शस्त्रक्रिया एकट्या डॉक्टरने होत नसते.

तसेच परदेशी असलेला गावचा कुणी रुग्णालयाला यंत्र देतो म्हणाला, तर आधी दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळणार, ते लिहून घ्या. नाही जमत म्हणाला, तर तेवढ्याच पैशांत आपल्या रुग्णालयातल्या दोन माणसांना जवळच्या चांगल्या केंद्रात शिकायला पाठवता येईल का, हे विचारा. बी निवडताना रान बघतो, तसेच शिक्षण निवडतानाही रान बघा.