शिशाच्या आड

स्पेनच्या आंदालुसियात, हाएन प्रांतात, लिनारेस नावाचं गाव आहे. एकेकाळी शिशाच्या खाणींचं. त्याच्या नावावरून एका खनिजाला लिनाराइट म्हणतात. त्याचा निळा रंग इतका गडद, की मोरचूद त्याच्यापुढे पाणी घातलेल्या शाईसारखं दिसावं. पंचाईत अशी की ॲझुराइटही जवळजवळ तसाच निळा असतो, आणि दोन्ही खनिजं तयार होतात ती धातूच्या शिरांच्या वरच्या, हवापाण्याने गंजलेल्या भागात. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा संग्राहक इथे हमखास फसतो.

घटक पाहिले तर दोघांत तांबं सोडून फारसं साम्य उरत नाही. ॲझुराइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. लिनाराइटमध्ये शिशाचा एक अणू, तांब्याचा एक, एक सल्फेट गट आणि दोन हायड्रॉक्सिल. म्हणून जुनी परीक्षा सोपी होती: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. ॲझुराइट फसफसतो, लिनाराइट फसफसत नाही, त्यावर शिशाच्या क्लोराइडचा पांढरा थर धरतो. वजनही चुगली करतं. ॲझुराइटचं विशिष्ट गुरुत्व ३.८च्या आसपास, लिनाराइटचं ५.३च्या वर. पण नमुना म्हणजे कॅल्साइटवर चढलेलं निळं पापुद्र्यासारखं कवच असेल, तर तराजू निरुपयोगी, आणि थेंब टाकताच खालचा कॅल्साइटच फसफसणार.

मग यंत्र. नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत आज प्रयोगशाळांत रुळलेली आहे. तांबं लगेच दिसतं, शिसंही. गंधकाचं मात्र अवघड. त्याची ठळक रेषा २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि शिशाची एक रेषा २.३५ला. साध्या शोधकाला त्या दोन वेगळ्या करता येत नाहीत. ज्या शिशाने वजनातून स्वतःचा पत्ता दिला, तेच इथे गंधकाला झाकून बसतं. पडद्यावर ‘गंधक’ असं उमटलं म्हणून सल्फेट आहे असं धरून चालणारा अहवाल मी तरी मान्य करणार नाही.

ही अडचण रामन वर्णपट सोडवतो. २८ फेब्रुवारी १९२८ला कोलकात्यात हाती आलेला हा परिणाम अणू मोजत नाही, अणुगटांची थरथर ऐकतो. सल्फेटचं मुख्य ताण-कंपन ९७०च्या आसपास (प्रति सेंटिमीटर) उमटतं, ॲझुराइटमधल्या कार्बोनेटचं ११००च्या जवळ. कॅलेडोनाइट या तांबे-शिशाच्याच भावंडात सल्फेट आणि कार्बोनेट दोन्ही असल्यामुळे दोघांच्याही रेषा मिळतात. लेझर मात्र मंद ठेवायचा. गडद खनिज प्रकाश पिऊन तापतं आणि जळतं.

अणू कुठे बसलेत हे क्ष-किरण विवर्तन सांगतं. लिनाराइटची रचना १९६१मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक तांब्याभोवती चार ऑक्सिजनचा सपाट चौकोन, आणि हे चौकोन कडेला कड लावून एका लांब पट्टीत उभे. स्फटिकही बहुधा त्याच दिशेने लांबट वाढतो. इथे शिसं पुन्हा आडवं आलं. क्ष-किरण विखुरतात इलेक्ट्रॉनांवरून; शिशाकडे ८२, हायड्रोजनकडे १. ढोलाच्या शेजारी कुणी कुजबुजावं तशी गत. हायड्रोजनच्या जागा नेमक्या ठरवायला न्यूट्रॉन लागले, कारण ते अणुकेंद्रावरून विखुरतात. त्यांना शिशाच्या इलेक्ट्रॉनांचं ओझं जाणवत नाही.

त्या तांब्याच्या पट्टीने पुढे भौतिकशास्त्रज्ञांना ओढून घेतलं. प्रत्येक तांब्याच्या चुंबकीय आघूर्णाला लगतच्या शेजाऱ्याच्या दिशेनेच राहायचं असतं, पण त्यापलीकडच्याच्या उलट. दोन्ही एकदम जमत नाही. तापमान २.८ केल्व्हिनखाली गेलं की ही आघूर्णं जिन्याच्या पायऱ्यांसारखी थोडी थोडी वळत मळसूत्र धरतात. या मोजमापांसाठी वापरलेले स्फटिक कुठल्या भट्टीत वाढवलेले नव्हते. ते अमेरिकेतल्या खाणींतून निघाले होते.