जमीनवापर बदलताना गावाची हरकत कधी मोलाची ठरते? रायपूरच्या ‘कमल विहार’ निवाड्याचा धडा

रायपूर : शहरालगतच्या गावातील शेतजमीन निवासी किंवा व्यापारी वापरासाठी खुली करण्याचा प्रस्ताव आला, की ग्रामस्थांच्या विरोधाकडे बहुधा विकासाला विरोध म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात हा वाद अनेकदा नियोजनाचा क्रम पाळला गेला का, या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. रायपूरच्या ‘कमल विहार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिलेला निवाडा त्याचे ठळक उदाहरण आहे.

रायपूर विकास प्राधिकरणाने शहराच्या दक्षिणेकडील डुंडा, देवपुरी, बोरियाखुर्द आदी गावांच्या परिसरात ‘नगर विकास योजना क्रमांक ४’ हाती घेतली. जमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने व सोयी उभारायच्या आणि मूळ मालकाला विकसित भूखंडाच्या रूपाने ३५ टक्के क्षेत्र परत द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. या हिशेबाने एकरामागे सुमारे १५,२४६ चौरस फूट हाती येतात. भूखंडाचा बाजारभाव शेताहून अधिक असतो, हा प्राधिकरणांचा नेहमीचा युक्तिवाद असतो. मात्र भूखंडावर धान पिकत नाही. ज्याला जमीन विकायचीच नाही, त्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

कायदा काय सांगतो?

छत्तीसगडमध्ये १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम लागू आहे. त्यानुसार आधी संपूर्ण शहराची विकास योजना, मग त्यातील एकेका भागाचा तपशीलवार परिमंडळ आराखडा आणि त्यानंतर प्रत्यक्ष नगर विकास योजना अशी उतरंड आहे. योजनेच्या मसुद्यावर हरकती मागवाव्या लागतात. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडडीनुसार पंचायती व नगरपालिकांच्या योजनांची सांगड घालण्याचे काम जिल्हा नियोजन समितीकडे आहे.

छत्तीसगड उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर काही भूधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. परिमंडळ आराखडा तयारच नसताना प्राधिकरणाला अशी योजना आखता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने त्यांची अपिले मंजूर केली. मधली पायरी गाळली, की त्यावर उभारलेली पुढची पायरीही टिकत नाही, हा या निवाड्याचा गाभा आहे.

अर्थात, वसाहत त्यामुळे नाहीशी झाली नाही. आज ती ‘कौशल्या माता विहार’ या नावाने ओळखली जाते. न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत रस्ते आखले गेलेले असतात, भूखंड विकले गेलेले असतात. म्हणूनच सुरुवातीच्या टप्प्यातील हरकत अधिक परिणामकारक ठरते.

मुदत किती?

मंजूर विकास योजनेत शासनाला फेरबदल करायचा असल्यास छत्तीसगडच्या अधिनियमातील कलम २३-क नुसार वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते आणि लेखी हरकतींसाठी १५ दिवस मिळतात. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदलांसाठी ही मुदत एक महिन्याची आहे. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत अशी सूचना निघाली, तर ती गावापर्यंत पोहोचेपर्यंत निम्मी मुदत उलटलेली असते.

गोव्यात तर हरकतीची ही संधीच वादाचा विषय ठरली. जनतेच्या हरकती न मागवता खासगी जमिनींचा झोन बदलण्यास वाव देणारे २०२३ चे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले.

ग्रामस्थांनी सूचना निघताच मूळ विकास योजनेचा नकाशा पाहणे, आपल्या खसरा किंवा गट क्रमांकासह मुदतीत लेखी हरकत नोंदवणे आणि तिची पोच घेणे आवश्यक आहे. सभेतील घोषणांची नोंद राहत नाही. पुढे न्यायालयासमोर हीच पोच पुरावा म्हणून उपयोगी पडते.