घरी डंबेल्स घेताना

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचा नववीचा एक विद्यार्थी लंगडत शाळेत आला. घरच्या डंबेलचा नट सैल राहिल्याने प्लेट निसटून पायावर पडली होती. हाड वाचले, हे नशीब. तेव्हापासून पालक आम्हांस विचारतात, की घेताना काय पाहावे?

१. ‘२० किलोचा संच’ म्हणजे बहुधा सर्व प्लेट्सचे मिळून वजन. दोन डंबेल्स केल्यास प्रत्येकी १० किलोच. रॉडचे वजन धरले आहे का, हे विचारून घ्यावे.

२. घरगुती रॉड साधारण १ इंच जाडीचा असतो. ऑलिंपिक प्लेटचे छिद्र मात्र ५० मिलिमीटरचे. ती अशा रॉडवर डगमगते. म्हणून प्लेट रॉडवर चढवून पाहावी.

३. लहान प्लेट्स अवश्य घ्याव्यात. दोन्ही बाजूंस अडीच किलो चढवल्यास वजन एकदम ५ किलोंनी वाढते, सव्वा किलो चढवल्यास अडीच किलोंनीच.

४. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त, पण जाड असतात व आपटल्यास तडकतात. लोखंडी टिकतात, पण फरशी फोडतात. खाली रबरी चटई अंथरावी.

५. नट आट्यांचा असावा आणि प्रत्येक वेळी उचलण्यापूर्वी आवळावा.

विद्यार्थ्यांनी आधी दंड-बैठका पक्क्या कराव्यात, मग हलके वजन घ्यावे, तेही मोठ्यांच्या देखरेखीखाली. किती उचलले यापेक्षा कसे उचलले, हेच आम्ही विचारू.