भिंतीला ड्रिल मारताय? आधी आतून वायर अन् पाईप कुठून गेलाय ते बघा

धाराशिव : टीव्ही भिंतीवर लावायचा असो की किचनमध्ये पाण्याचा फिल्टर, शेजाऱ्याची ड्रिल मशीन मागून आणायची आणि लगेच भोक पाडायचं, असं आता गावोगावी चालतं. भिंतीच्या आत काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आतल्या वायरमध्ये 230 व्होल्टचा करंट असतो आणि ड्रिलचा बिट लोखंडी.

जुन्या माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वायर लाकडी पट्टीवरून उघडी, डोळ्याला दिसणारी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात अशी घरं कोसळली. पुढे जिल्ह्यात विटा, ब्लॉक आणि स्लॅबची घरं वाढली. आता भिंतीला झिरी मारून वायरचा पाईप आत गाडतात आणि वरून गिलावा करतात. बहुतेक ठिकाणी हा पाईप गिलाव्याखाली जेमतेम इंचभर आत असतो. स्क्रूच्या प्लॅस्टिक प्लगसाठी मात्र दीड इंच खोल भोक लागतं.

वायर साधारणपणे बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली जाते. म्हणून प्रत्येक बोर्ड, प्लग आणि भिंतीवरच्या लाईटच्या सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी अर्धा फूट सोडून भोक पाडावं. पण यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. पाईप वाचवण्यासाठी काही जण तिरकी झिरी मारतात. स्लॅबमध्ये तर पंख्याचा पाईप बऱ्याचदा तिरकाच टाकलेला असतो. त्यामुळे पाळण्याच्या कडीसाठी छताला भोक पाडताना जास्त जपावं लागतं.

पाण्याच्या पाईपचा धोका सगळ्यात जास्त किचनमध्ये. फिल्टर नळाजवळच लावायचा असतो आणि नेमका तिथूनच पाईप वर चढलेला असतो. बाथरूममध्ये गच्चीवरच्या सोलरची गरम पाण्याची लाईनही भिंतीतूनच उतरते. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात भरलेली टाकी अशी रिकामी झाली तर काय होतं, ते सांगायला नको.

मोबाईलवर धातू शोधणारी ॲप मिळतात. ती फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरवर चालतात आणि त्याला लोखंड कळतं. तांब्याची वायर आणि प्लॅस्टिकचा पाईप त्याला कळत नाही. म्हणजे ॲप गप्प बसलं म्हणून भिंत मोकळी आहे, असं नाही. मोबाईलचा खरा उपयोग घर बांधताना आहे. घरकुलाच्या हप्त्यासाठी टप्प्याटप्प्यानं फोटो काढावेच लागतात. त्यावेळी गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे आणखी दोन फोटो काढावेत, टेप लावून, मापं दिसतील असे. दहा वर्षांनी तेच कामाला येतात.

भोक पाडण्याआधी त्या खोलीची लाईन मेनबोर्डातून बंद करावी आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्यावं. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनला करंट राहतो, आणि हेच बरेच जण विसरतात. लाईन बंद झाली का, हे टेस्टरनं तपासावं. पण आधी तो टेस्टर चालू प्लगात लावून पेटतो का ते बघावं. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाला शॉक बसला तर तेवढ्या करंटवर ती पडत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी लागतं.

बिटला दीड इंचावर चिकटपट्टी गुंडाळली की भोक गरजेपेक्षा खोल जात नाही. बिट मध्येच मऊ लागला किंवा प्लॅस्टिकचा भुगा बाहेर आला, तर तिथंच थांबावं.

वायर लागलीच तर मशीन सोडून आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावा, मग वायरमनला बोलवावं. कुणी चिकटलं असेल तर करंट बंद होईपर्यंत त्याला हात लावू नये. बेशुद्ध असेल तर 108 ला फोन करावा. पाईप फुटला तर आधी टाकीचा कॉक बंद करावा. पाणी बोर्डाकडे जात असेल तर मेनही पाडावा, मात्र ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून नाही.