शहराचें सांडपाणी आणि पावसाची सर

मोठी सर कोसळली म्हणजे गटारें तुंबून रस्त्यावर वाहूं लागतात, हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. सर ओसरते, गटारें उतरतात, आणि ती गोष्ट आपण विसरून जातों. परंतु तें घाण पाणी गेलें कोठें? ह्या साध्या प्रश्नाचा निकाल लावण्यास लंडन शहरास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. ती हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

इ. स. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीस अशी दुर्गंधि सुटली कीं, पार्लमेंटाच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यांत भिजवून टांगावे लागले. त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा केला, आणि जोसेफ बॅझलगेट ह्या इंजिनिअरानें नदीच्या दोन्ही अंगांस भुयारी गटारें बांधून सर्व मैलापाणी शहराच्या पूर्वेस दूर नेलें. हें काम १८७५ सालीं पुरें झालें. त्यानें सुमारें ४० लाख वस्तीचा हिशेब धरिला होता. आज ती वस्ती ९० लाखांच्या घरांत आहे.

ह्या गटारांत घरांतील मैलापाणी व पावसाचें पाणी हीं दोन्ही एकत्र वाहतात. सर मोठी आली तर गटारें भरून मैला लोकांच्या घरांत शिरेल, म्हणून जास्त झालेलें पाणी नदींत सोडणारीं तोंडें ठेविलेलीं होतीं. घरें वांचलीं, पण त्याची किंमत नदीस द्यावी लागली.

पुढें हें पाणी शुद्ध करण्याची युक्ति निघाली. ती कशी चालते तें पाहूं. प्रथम जाळ्यांतून चिंध्या व कचरा अडवितात. मग हौदांत पाणी संथ ठेविलें म्हणजे जड मळ तळीं बसतो. उरलेल्या पाण्यांत हवा सोडितात. त्या हवेवर कोट्यवधि सूक्ष्म जंतु वाढतात व विरघळलेली घाण खाऊन टाकितात. शेवटीं दुसऱ्या हौदांत हे जंतु गाळाच्या रूपानें खालीं बसतात. वरचें निवळ पाणी नदींत सोडितात, आणि गाळाचा बराचसा भाग पुन्हां कामास लावितात. ही रीत मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्या दोघांनीं १९१४ सालीं प्रसिद्ध केली.

येथेंच पावसाची अडचण उभी राहते. पाणी एकाएकीं अनेक पटींनीं वाढलें म्हणजे निवळणीच्या हौदांत त्यास थांबावयास वेळ मिळत नाहीं. बसावयाचा गाळ पाण्याबरोबर वाहून जातो, आणि त्याच्यासंगतीं ते उपकारक जंतुही जातात. मग पाऊस थांबला तरी पुढें कित्येक दिवस काम नीट चालत नाहीं. म्हणून इंग्लंडांत कोरड्या दिवसाच्या सुमारें तिप्पट पाणी पुरतें शुद्ध करितां येईल असा कारखाना बांधण्याची वहिवाट आहे. वर्षाची सरासरी काढून त्या मापाचे हौद बांधले तर ते ऐन गरजेच्या घटकेस अपुरे पडतात.

तर मग वाटेल तेवढा मोठा कारखाना कां बांधूं नये? कारण जंतूंस रोजचें अन्न लागतें. फार मोठे हौद कोरड्या दिवसांत उपाशी राहतात आणि त्यांतील जंतु क्षीण होतात. म्हणून लंडनकरांनीं दोन उपाय जोडीनें केले. बेक्टन येथील कारखान्याची शक्ति सुमारें शेंकडा ६० नें वाढवून तेथें दर सेकंदास सुमारें २७,००० लिटर पाणी शुद्ध होईल अशी तजवीज केली. शिवाय जमिनीखालीं खोल बोगदे खोदले. पहिला, ली बोगदा, सुमारें ७ किलोमीटरांचा असून तो २०१६ सालीं सुरू झाला. दुसरा २५ किलोमीटरांचा असून तो बहुतांशीं थेम्सच्या पात्राखालून जातो. त्याची रुंदी ७ मीटरांहून अधिक आहे, आणि सर्व गटारांची जोडणी २०२५ सालीं पुरी झाली. ह्या दोहोंत मिळून सुमारें १६० कोटि लिटर पाणी मावतें. वृष्टि चालू असतां तें तेथें सांठतें आणि पाऊस ओसरल्यावर पंपांनीं वर काढून सावकाश शुद्ध केलें जातें. अतिशय मोठ्या पावसांत अजूनही थोडेंबहुत घाण पाणी नदींत पडतें, पण पूर्वींच्या मानानें तें फारच थोडें.

मिसर देशांत योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें व दुष्काळांत तें वांटलें, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. ह्या बोगद्यांचें काम त्याच जातीचें आहे. एका वेळीं जें अति झालें तें धरून ठेवावें, आणि ज्या वेळीं तें पेलेल त्या वेळीं सोडावें.

एवढीं मोठीं कामें सरकारांनींच करावयाचीं, हें खरें. पण छपराचें पाणी मैल्याच्या नळांत न जोडणें, आणि चिंध्या, राख व तेलकट खरकटें मोरींत न टाकणें, हें तर प्रत्येक घरास साधण्यासारखें आहे. आपल्या दारांतून निघालेलें पाणी खालीं कोणाच्या तरी दाराशीं पोंचतें. तो मनुष्य आपणांस कधीं दिसत नाहीं; तरीही तो आपला शेजारीच होय.