घर आणि मुका जीव सोपविताना

पूर्वी वाड्याला कुलूप लागे ते क्वचितच. आजी, एखादी आश्रित आत्या, मागील खणांतले बिऱ्हाड किंवा पडवीत निजणारा गडी, कोणी ना कोणी घरी असावयाचेच. त्यामुळे लग्नकार्याला अथवा यात्रेला निघालेल्या कुटुंबाला गोठ्यातील गाईची किंवा दारातील कुत्र्याची काळजी वाहावी लागत नसे. आता इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी, कोणत्याही गावी पाहिले तरी चित्र पालटलेले दिसते. सदनिकेत दोन किंवा तीन माणसे. मुले पुण्यास, बंगळूरास अथवा परदेशी. आणि घरात मुलांच्या जागी जीव लावलेले एखादे कुत्रे किंवा मांजर. अशा कुटुंबास आठ-पंधरा दिवस गावाला जावयाचे झाले, की पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो; या मुक्या जीवाला कोणापाशी ठेवावयाचे, हा असतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. 'जरा घराकडे लक्ष असू द्या,' असे जाणारा म्हणतो आणि 'अगदी निर्धास्त जा,' असे राहणारा म्हणतो. दोघांच्याही मनात सद्भाव असतो. परंतु 'लक्ष' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा केलेला असतो, आणि तो वेगळा आहे हे कळावयास एखादा अनिष्ट प्रसंग यावा लागतो.

नमुन्यादाखल असा एक प्रसंग कल्पून पाहावा. इंदूरचे एक निवृत्त दांपत्य भाचीच्या लग्नासाठी 12 दिवस सांगलीला जावयास निघाले. शेरू नावाचा नऊ वर्षांचा कुत्रा आणि घराची किल्ली त्यांनी शेजारच्या इमारतीतील, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाच्या हाती दिली. मुलगा गुणी, काकांच्या शब्दाला मान देणारा. काकांच्या मनात असे होते, की हा रात्री आपल्या घरीच निजेल, शेरूला दोन वेळा फिरवून आणील आणि त्याच्या सोबतीला बसून अभ्यास करील. मुलाची समजूत अशी, की सकाळ-संध्याकाळ जावयाचे, भांडे भरावयाचे, फाटकापर्यंत फिरवून आणावयाचे आणि कुलूप लावून परतावयाचे. त्याप्रमाणे त्याने इमानाने केले. एकटा पडलेला शेरू चौथ्या रात्री सारखा भुंकत राहिला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. त्याचे मन रमावे म्हणून मुलाच्या आईने प्रेमाने शिरा करून पाठविला. शिऱ्यात बेदाणे होते. दुसऱ्या दिवशी शेरूला उलट्या सुरू झाल्या. मंगल कार्यालयाच्या गोंगाटात काकांना फोनची घंटा ऐकू आली नाही. डॉक्टर कोणता, खर्च किती करावयाचा आणि तो कोणी सोसावयाचा, हे मुलाला ठाऊक नव्हते. परवानगीची वाट पाहण्यात त्याची संध्याकाळ गेली. पुढे मूत्रपिंडांना इजा झाल्याचे निदान झाले. सलाईन चढवून शेरू वाचला. मात्र दोन घरांतील वीस वर्षांचा घरोबा त्या बारा दिवसांत आटला.

यात दोष कोणाचा? द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात, हे काकांना माहीत होते. त्यांनी ते सांगितले नाही. मुलाला माहीत नव्हते. त्याने विचारले नाही. दुष्टपणा कोणाकडेच नव्हता. उणीव होती ती एका कागदाची आणि अर्ध्या तासाच्या संभाषणाची.

ही उणीव आजची नव्हे. प्राचीन धर्मशास्त्रकारांनी वादाची जी अठरा पदे मानली, त्यांत एक स्वतंत्र पद 'स्वामिपालविवाद' या नावाचे आहे. स्वामी म्हणजे जनावराचा धनी आणि पाल म्हणजे ते राखणारा. या दोघांत तंटे इतके नित्याचे होते, की ऋणादान आणि सीमावाद यांच्या पंक्तीला त्यांस बसविणे भाग पडले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या वादाचे नियम आहेत, आणि त्यांतील विवेक आजही उपयोगी पडण्यासारखा आहे. दिवसा जनावराची जबाबदारी राखणाऱ्याची. रात्री ते धन्याच्या घरी असेल तर धन्याची. आणि रात्रंदिवस राखणाऱ्यापाशीच असेल तर दोन्ही वेळांची जबाबदारी राखणाऱ्याची. वेतन वेगळे ठरले नसेल तर धन्याच्या संमतीने दहा गाईंमागे एका चांगल्या गाईचे दूध हाच राखणाऱ्याचा मोबदला. राखणाऱ्याच्या हयगयीने जनावर दगावले तर भरपाई त्याने करावयाची. परंतु चोरांनी बळाने पळविले आणि त्याने योग्य वेळी, योग्य स्थळी धन्याला वर्दी दिली, तर त्याच्याकडे दोष नाही. जनावर आपोआप मेले तर कान, कातडे, शेपूट इत्यादी खुणा धन्याला दाखवावयाच्या. वेळ, मोबदला, हयगय, वर्दी आणि पुरावा, या पाच गोष्टी त्या काळीही ठरवून घ्याव्या लागत होत्या.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. एकाने आपली वस्तू काही हेतूने दुसऱ्याच्या हवाली करावयाची आणि हेतू पुरा झाल्यावर त्याने ती परत करावयाची, अशा व्यवहाराचे नियम त्यात 148 व्या कलमापासून पुढे दिले आहेत. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही धन्याची जंगम मालमत्ता असल्याने ते नियम त्यालाही लागू पडतात. 150 व्या कलमाखालील उदाहरण तर या विषयाला चपखल बसणारे आहे. घोडा द्वाड आहे हे ठाऊक असूनही धन्याने तो न सांगता दुसऱ्याला वापरावयास दिला, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला. तर त्या इजेची जबाबदारी धन्यावर येते. म्हणजे कुत्रा अनोळखी माणसाला चावतो, हे लपवून त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा केवळ संकोच नव्हे. तो कायद्याने दोष ठरतो.

राखणाऱ्याने घ्यावयाच्या काळजीचे माप 151 व्या कलमात आहे: सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी. तेवढी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास, 152 व्या कलमान्वये त्याला जबाबदार धरता येत नाही. मोबदला न घेता सांभाळ करणाऱ्याने केलेला आवश्यक खर्च धन्याने भरून द्यावा, असे 158 वे कलम सांगते. सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर गाईबरोबर वासरूही परत करावे, हे 163 व्या कलमाचे उदाहरण आहे. याशिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राण्याच्या स्वास्थ्याची तजवीज करण्याचे कर्तव्य केवळ मालकावर नव्हे, तर ज्याच्या ताब्यात प्राणी असेल त्या प्रत्येकावर टाकते. किल्ली हाती घेतली, की हे कर्तव्यही हाती येते.

तथापि शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी कलमे दाखवीत बसावे, असा याचा अर्थ नव्हे. कलमांपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, यासाठीच आधी बोलावयाचे असते. या बोलण्यात येणारे विषय सहा आहेत.

पहिला विषय उपस्थितीचा. सांभाळणारा घरी राहणार की येऊन-जाऊन करणार, रात्री निजावयास येणार की नाही, आणि प्राणी सलग किती तास एकटा राहिला तर चालेल, हे आकड्यांत सांगावे. 'बराच वेळ' या शब्दाला अर्थ नाही. 'चार तासांपेक्षा अधिक नको' याला आहे.

दुसरा आहाराचा आणि दिनक्रमाचा. काय, किती आणि केव्हा द्यावयाचे, हे जसे लिहावे तसेच काय द्यावयाचे नाही हेही लिहावे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला देऊ नयेत. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते. वैशाखात इंदूर किंवा बडोद्याचे डांबरी रस्ते दुपारी असे तापतात, की कुत्र्याचे तळवे भाजावेत. तेव्हा फिरविण्याची वेळ उन्हापूर्वीची ठरवावी. दिवाळीत फटाक्यांना भिऊन पुष्कळ कुत्री पळून जातात. त्या दिवसांत दार, पट्टा आणि गळ्यातील नाव-क्रमांकाची पट्टी यांविषयी विशेष ताकीद असावी.

तिसरा विषय प्रकृतीचा आणि स्वभावाचा. जुने दुखणे, चालू औषधे, रेबीजची लस कधी टोचली, कशाचे भय वाटते, ताटलीला हात लावल्यास गुरगुरतो काय, हे सारे सांगावे. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, किंवा बोक्याला लघवी होत नाही असे दिसले, तर उद्याची वाट पाहू नये. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, मग प्राण्याला लस टोचलेली असो वा नसो.

चौथा विषय अधिकाराचा आणि पैशाचा. पशुवैद्याचे नाव, पत्ता आणि फोन लिहून ठेवावा. धनी फोनवर सापडला नाही तर निर्णय कोणी घ्यावयाचा, त्या दुसऱ्या आप्ताचे नाव द्यावे. किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करावा, तो आकडा सांगून तेवढी रक्कम पाकिटात घालून ठेवावी. येथेच एक कटू गोष्टही बोलून टाकावी. वृद्ध प्राणी धन्याच्या अनुपस्थितीत मरण पावला तर काय करावयाचे, वाट पाहावयाची की निरोप द्यावयाचा, कोठे पुरावयाचे? हा प्रश्न विचारणे अभद्र वाटते. परंतु तो न विचारल्यास, ज्याने उपकार म्हणून किल्ली घेतली त्याच्या माथी आयुष्यभराची टोचणी राहते.

पाचवा विषय घराचा. कोणत्या खोल्या वापरावयाच्या, स्वयंपाकघरात मांसाहार चालेल काय, मित्रांना बोलावता येईल काय, देवघरातील दिव्याचे आणि कुंडीतील तुळशीचे काय, नळाला पाणी केव्हा येते, हे ठरवावे. घरात कॅमेरे बसविले असतील तर ते कोठे आहेत, हे धन्याने आधीच सांगितले पाहिजे. सांभाळणारा हा पाहुणा असतो, संशयित नसतो.

सहावा विषय मोबदल्याचा आणि मुदतीचा. मोठ्या शहरांत हे काम ठरीव दराने करणारी माणसे आता आहेत. तेथे दर, आगाऊ रक्कम आणि बेत रद्द झाल्यास काय, हे स्पष्ट असते. अवघड जाते ते नात्यातल्या माणसाशी. पुतण्याला पैसे कसे विचारावेत आणि काकांकडे ते कसे मागावेत, या भिडेत दोघेही गप्प राहतात. पुतण्याच्या मनात आठ दिवसांच्या श्रमाचा हिशेब साचतो आणि काकांच्या मनात फ्रिजमधील संपलेल्या आंब्यांचा. त्यापेक्षा 'मोबदला नको, पण खर्च तुमचा', किंवा 'रोजचे इतके', असे मोकळेपणाने म्हणावे. परतीची गाडी चुकली तर आणखी किती दिवस थांबता येईल, हेही तेव्हाच विचारावे.

सांभाळणाऱ्याच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. जे जमणार नाही ते पहिल्याच दिवशी सांगावे. भिडेपोटी दिलेला होकार नकारापेक्षा महाग पडतो. सोपविण्यात येणारा प्राणी कोणता, हेही पाहावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पिंजऱ्यात देशी पोपट बाळगण्यास मनाई आहे, तेव्हा तो सांभाळावयास घेणे म्हणजे दुसऱ्याच्या अपराधात वाटेकरी होणे. आणि वाईट बातमी कधीही मागे ठेवू नये. काचेचे भांडे फुटले, मांजर खिडकीतून निसटले, तर ते त्याच घटकेला कळवावे. मनूच्या राखणाऱ्याला जी वर्दी दोषमुक्त करीत होती, तीच आजही विश्वास टिकवून धरते. रोज संध्याकाळी एक छायाचित्र आणि दोन ओळींचा निरोप पाठविला, की दूरच्या लग्नमांडवात बसलेल्या माणसाच्या गळी घास सुखाने उतरतो.

हे सारे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत दाराच्या आतल्या बाजूस लावावी आणि दुसरी दोघांच्या फोनमध्ये ठेवावी. शक्य असेल तर निघण्यापूर्वी एक रात्र धनी घरात असतानाच सांभाळणाऱ्याने तेथे मुक्काम करावा. जे कागदावर सुचले नाही, ते त्या रात्री उघडे पडते. कुत्र्यालाही नव्या माणसाचा वास धन्याच्या साक्षीने ओळखीचा होतो.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी एक समजूत घराघरांत आहे. वस्तुतः लिहिलेला कागद ज्याच्यावर अधिक उपकार करतो, तो सांभाळणारा होय. कारण आपण दिलेला शब्द कोठे पुरा झाला, हे त्याला त्यावरून कळते. उद्या शेरूचे धनी पुन्हा गावाला निघतील. त्या वेळी त्यांनी त्याच मुलाला बोलावून, चहाचा पेला पुढे ठेवून, 'मागच्या वेळी आम्ही सांगावयास चुकलो, आता नीट ठरवू,' असे म्हटले, तर शेरूची सोय होईलच. परंतु आटलेल्या घरोब्यालाही पुन्हा पाझर फुटेल. मुक्या जीवाला आपली गरज सांगता येत नाही. ज्यांना बोलता येते त्या दोघांनी ती त्याच्या वतीने एकमेकांना सांगितली पाहिजे.