संगणक-सुरक्षा, लघु व मध्यम उद्योगांतील

संगणक-सुरक्षा, लघु व मध्यम उद्योगांतील : लहान व मध्यम आकाराच्या उद्योगांतील संगणक व मोबाइल संच यांत साठविलेली माहिती, त्यांवरून होणारे पैशांचे व्यवहार आणि त्यांवर चालणारे दैनंदिन कामकाज यांचे चोरी, फेरफार, नाश व खोळंबा यांपासून रक्षण करण्याची व्यवस्था. या व्यवस्थेची तीन उद्दिष्टे मानली जातात. माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती न पडणे म्हणजे गुप्तता, तीत नकळत बदल न होणे म्हणजे अखंडता आणि हवी तेव्हा ती मिळणे म्हणजे उपलब्धता. मोठ्या कंपन्यांत हे काम स्वतंत्र विभाग पाहतो. लहान उद्योगात मात्र ते मालक, एखादा कारकून, बाहेरचा करसल्लागार आणि बोलावल्यावर येणारा संगणक-दुरुस्त करणारा यांच्यात विभागलेले असते व बहुधा त्याची निश्चित जबाबदारी कोणावरच नसते. त्यामुळे येथे सुरक्षा हा महागड्या साधनांपेक्षा व्यवहारातील शिस्तीचा प्रश्न ठरतो.

व्याप्ती : भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची व्याख्या २००६ च्या अधिनियमानुसार केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी रु. व वार्षिक उलाढाल १०० कोटी रु. यांच्या आत असलेला उद्योग लघु, तर अनुक्रमे १२५ कोटी व ५०० कोटी रु. यांच्या आत असलेला उद्योग मध्यम समजला जातो. २.५ कोटी व १० कोटी रु. यांच्या आतील उद्योग सूक्ष्म होत. मराठवाड्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यातील बहुतेक उद्योग या शेवटच्या गटांत मोडतात. भूम परिसरातील खव्याच्या भट्ट्या, दूध संकलन केंद्रे, सोयाबीन व कडधान्यांचे आडते, डाळमिल, शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, तसेच तुळजापूर येथील यात्रेकरूंवर अवलंबून असणारी दुकाने व निवासगृहे यांचा त्यांत समावेश होतो.

या उद्योगांत संगणक शिरला तो मुख्यतः कर व पैसा या दोन वाटांनी. यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची पद्धती २०१६ मध्ये सुरू झाली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. विवरणपत्रे, मालवाहतुकीचे ई-वे बिल आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटी रु. हून अधिक उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्यांमधील विक्रीसाठी करावे लागणारे ई-इन्व्हॉइस यांमुळे वहीखात्याचा बराचसा भाग संगणकावर गेला. रोजकीर्द, खतावणी, उधारीच्या याद्या व गिऱ्हाइकांचे पत्ते एका यंत्रात एकत्र आले. तिजोरीला कुलूप लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तशी या यंत्राला लावण्याची अद्याप झालेली नाही.

पूर्वपीठिका : व्यक्तिगत संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध संगणक-विषाणू ‘ब्रेन’ हा लाहोर येथे १९८६ मध्ये तयार झाला व फ्लॉपी चकत्यांमधून जगभर गेला. भारतात विषाणुरोधक आज्ञावलींचा जो व्यवसाय उभा राहिला, त्याचे एक प्रमुख केंद्र पुणे हे होय. तेथे कैलास काटकर यांचा गणकयंत्रे दुरुस्त करण्याचा लहानसा व्यवसाय होता. त्यांचे बंधू संजय काटकर यांनी दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी आज्ञावली लिहिल्या व त्यांतून १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ हे उत्पादन निघाले.

आरंभीच्या विषाणूंचा उद्देश बहुधा उपद्रव वा प्रौढी मिरविणे हा असे. पुढे तो द्रव्यलाभ झाला. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ या आज्ञावलीने १५० हून अधिक देशांतील संगणकांतील माहिती कूटबद्ध करून ती सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ज्या दोषातून ती शिरली, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती आपल्या यंत्रांवर बसविली नव्हती, त्यांनाच मुख्यतः फटका बसला. त्याच वर्षी २७ जून रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तिचा मूळ शिरकाव युक्रेनमधील करविषयक हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या अद्ययावत्‌ आवृत्तीतून झाला होता. विश्वासाच्या साधनातूनही धोका येऊ शकतो, हे त्यावरून दिसून आले.

महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात या बँकेतून सु. ९४ कोटी रु. काढून घेण्यात आले. एटीएम यंत्राकडून आलेली मागणी तपासून मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. त्यामुळे नकली कार्डांवरून केलेल्या मागण्या बँकेच्या खऱ्या खात्यांशी ताडून न पाहताच मंजूर होत गेल्या. २८ देशांतून सु. ७८ कोटी रु. व भारतातून सु. २.५ कोटी रु. रोख काढले गेले, तर १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे सु. १३.९ कोटी रु. हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या तंत्रव्यवस्थेनुसार तिचे चार स्तर केले. सर्वांना एकच नियम न लावता लहान संस्थेला झेपेल अशी पायरी द्यावी, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

धोक्यांचे प्रकार : लहान उद्योगास संभवणारे धोके पुढील प्रकारचे असतात.

(१) बनावट आदेश : नेहमीच्या पुरवठादाराच्या ई-मेल पत्त्यात एखाद्या अक्षराचा फरक करून वा त्याचे खरे खाते बळकावून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळविण्यात येते. पैसे पाठविणारा स्वतःच ते पाठवीत असल्यामुळे बँकेच्या यंत्रणेला त्यात वावगे आढळत नाही. व्हॉट्सॲपवर मालकाचे छायाचित्र लावून कारकुनाला तातडीने रक्कम पाठविण्यास सांगणे, हा याचाच दुसरा प्रकार होय.

(२) पिन व ओटीपी काढून घेणे : ग्राहक, बँक वा शासकीय अधिकारी असल्याची बतावणी करून हे केले जाते. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारताना पिन द्यावा लागत नाही. तो केवळ पैसे देताना लागतो. एवढी एक गोष्ट गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असल्यास यांतील अनेक प्रकार जागीच थांबतात. दुकानाच्या क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटविणे हाही याच जातीचा प्रकार असून रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून पाहिल्यास तो उघडकीस येतो.

(३) खंडणीखोर आज्ञावली (रॅन्समवेअर) : हिला बहुधा ई-मेलसोबतची धारिका, दुरून संगणक हाताळण्यासाठी उघडी ठेवलेली वाट अथवा चोरून मिळविलेली आज्ञावली यांतून प्रवेश मिळतो. खंडणी दिल्यावरही माहिती परत मिळेलच याची शाश्वती नसते. खव्यासारख्या नाशवंत मालाच्या व्यवसायात दोन दिवस याद्या व उधारी न दिसणे म्हणजे माल व वसुली दोन्ही अडकणे होय.

(४) सोपविलेला अधिकार : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीस हस्ताक्षरातील स्वाक्षरीचे स्थान आहे. असे असता स्वाक्षरीचे टोकन व त्याचा पिन, तसेच करविषयक खात्याचा परवलीचा शब्द (पासवर्ड) अनेकदा सल्लागाराच्या कार्यालयात कायमचा राहतो. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्यासारखेच हे आहे. संबंधित व्यक्ती प्रामाणिक असली, तरी तिच्या संगणकाला झालेली बाधा अशा सर्व अशिलांना भोवू शकते.

उपाययोजना : ब्रिटनमध्ये २०१४ पासून अमलात असलेल्या ‘सायबर एसेन्शियल्स’ या योजनेत लहान संस्थांसाठी पाच मूलभूत उपाय सांगितले आहेत : इंटरनेटच्या प्रवेशद्वारावर अटकाव, यंत्राची सुरक्षित मांडणी, अधिकारांवर नियंत्रण, घातक आज्ञावलींना प्रतिबंध आणि वेळच्या वेळी दुरुस्त्या. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे. विंडोज ७ या संगणक-प्रणालीच्या नियमित दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. जुन्या प्रणालीवरील यंत्र टाकून देणे परवडत नसल्यास निदान पैशांचे व्यवहार त्यावरून न करणे श्रेयस्कर ठरते.

अधिकारांचे नियंत्रण म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतःचे नाव व परवलीचा शब्द देणे, नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे आणि बँक व ई-मेल यांच्या खात्यांना दुसरी खातरजमा जोडणे. ठरावीक रकमेवरील प्रत्येक व्यवहार एकाने भरावा व दुसऱ्याने मंजूर करावा, अशी सोय बहुतेक बँका व्यापारी खात्यांना देतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवण्याचाच हा नवा प्रकार होय. बँक खाते बदलल्याचा निरोप आल्यास आलेल्या पत्रातील नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी लागते.

माहितीच्या प्रतींबाबत सर्वमान्य नियम असा, की एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. यंत्राला सतत जोडलेली प्रत खंडणीखोर आज्ञावली मूळ माहितीबरोबरच कूटबद्ध करते. म्हणून प्रत घेतल्यावर ती यंत्रापासून अलग करणे आवश्यक असते. दुसऱ्या जागेचे महत्त्व या जिल्ह्यास वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने उमरगा व लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. अशा आपत्तीत एकाच छताखाली ठेवलेले मूळ दप्तर व त्याची नक्कल एकदमच नष्ट होतात. प्रतीवरून हिशेब प्रत्यक्षात पुन्हा उभा करता येतो की नाही, हे तीन-चार महिन्यांतून एकदा करून पाहिल्याखेरीज ती प्रत भरवशाची मानता येत नाही.

यांतील तत्त्वे देशी व्यापारास अपरिचित नाहीत. शाहजोग हुंडीची रक्कम पेठेत पत असलेल्या व्यापाऱ्यासच दिली जाई, त्यामुळे पैसे कोणाकडे गेले याचा माग राही. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ व तीही गहाळ झाल्यास परपैठ लिहून दिली जाई [→ हुंडी]. घेणाऱ्याची ओळख, आदेशाची खात्री, लेखाची दुसरी प्रत व रोजचा ताळमेळ ही सूत्रे संगणकामुळे बदललेली नाहीत. ती पाळण्यासाठी मिळणारा अवधी मात्र दिवसांवरून मिनिटांवर आला आहे.

कायदा व तक्रार : परवलीचा शब्द वा डिजिटल स्वाक्षरी यांचा अप्रामाणिकपणे वापर आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या अनुक्रमे ६६ सी व ६६ डी या कलमांखाली गुन्हे आहेत. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळविणे हा पहिला उपाय होय. ही तक्रार संबंधित बँकांपर्यंत जाऊन रक्कम पुढच्या खात्यात असेतो ती गोठविता येते. रोख काढली गेल्यावर ती परत मिळणे दुरापास्त असते. त्यानंतर बँकेस लेखी कळविणे व जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदविणे आवश्यक असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ मधील परिपत्रकांनी असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसता झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडू नये. मात्र त्याने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्यावरच येते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सुरक्षाभंगाची वार्ता सहा तासांच्या आत देणे संस्थांना बंधनकारक झाले.

उद्योगाकडील माहिती पुष्कळदा इतरांची असते. निवासगृहात उतरणाऱ्या यात्रेकरूचे ओळखपत्र मोबाइलने टिपून त्याच संचात वर्षानुवर्षे ठेवणे, हे त्या यात्रेकरूच्या दृष्टीने धोक्याचे असते. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दाखविणारी प्रत उपलब्ध असून जेथे ओळखीची खात्री एवढाच हेतू आहे, तेथे ती मागणे योग्य होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे ठरले. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रु. पर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

मर्यादा : वर सांगितलेल्या उपायांनी सुरक्षा परिपूर्ण होत नाही. कॉसमॉससारख्या प्रकरणात दोष बँकेच्या यंत्रणेत होता व खातेदाराच्या दक्षतेने तो टळण्यासारखा नव्हता. यांखेरीज एकट्या दुकानदारास तज्ज्ञ नेमणे परवडणारे नाही. बाजार समिती, व्यापारी संघ वा सहकारी संस्था यांनी अनेक सभासदांसाठी एक तंत्रज्ञ ठेवणे, यंत्रांची वार्षिक तपासणी करणे व फसवणुकीचा नवा प्रकार आढळताच सर्वांना मराठीतून कळविणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. फसल्याची लाज वाटून तक्रार दडविली गेल्यास त्याच क्लृप्तीने शेजारचा व्यापारीही फसतो. म्हणून फसवणूक झालेल्याची नालस्ती न होता ती नोंदविली जाणे, ही सुरक्षेची सामुदायिक अट ठरते.